सावत्र मुलगा, दारू आणि दुचाकी

समजा, महाडच्या एमआयडीसीत कामाला जाणारा २० वर्षांचा मुलगा रात्री पिऊन दुचाकीवर महामार्गाने पोलादपूरला परततो. सावत्र आई काही बोलली, की ‘तू माझी आई नाहीस’ ऐकून घेते आणि गुपचूप दंड भरते. इथेच चुकते. आवेग आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. कायदा मात्र १८व्या वर्षीच प्रौढ मानतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

नियम वडिलांनी सांगावा. सावत्र आईच्या तोंडून तो टोचतो. दंड त्याच्याच पगारातून जाऊ द्या. पण ‘न्यायला या’ असा फोन आला, तर निमूट जावे. बोलणे सकाळी. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. तिथे आईनेही फोन करावा.