मेमरी वाढवा, पण आधी प्रत करा



पूर्वी पेढीच्या चोपड्या लाल कापडात बांधून कपाटात ठेवीत. आता त्यांची जागा घरातील लहानशा पेटीने घेतली आहे. नेटवर्कला जोडलेल्या या साठवण-यंत्रास ‘नॅस’ म्हणतात. दुकानाचे हिशेब, जमिनीची कागदपत्रे, लग्नांची छायाचित्रे, वडीलधाऱ्यांचे आवाज, सारे त्यात असते. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. घरच्या आठवणींना तर मुदतच नसते.

गेल्या चातुर्मासात आमच्या डहाणूच्या घरचे यंत्र फार मंदावले. जागा संपली असावी, या समजाने मी नवी डिस्क घेण्यास निघालो. पुतण्याने थांबविले. डिस्क निम्मी रिकामी होती. अपुरी होती ती मेमरी.

हा भेद पेढीवर सहज कळतो. डिस्क म्हणजे तिजोरी, तर मेमरी म्हणजे मुनीमजींसमोरचे मेज. मेज लहान असेल तर प्रत्येक कागदासाठी उठून तिजोरीकडे जावे लागते. मेज मोठे केल्याने काम वेगाने होते; तिजोरी मात्र तेवढीच राहते. शिवाय वीज जाताच मेजावरचे सारे पुसले जाते.

मेमरी भरलेली दिसणे हा दोष नव्हे. रिकामा भाग यंत्र स्वतःच्या सोयीसाठी वापरते. परंतु डिस्कवरील ‘स्वॅप’चा वापर सतत होत असेल, तरच नवी पट्टी घ्यावी. गरजेपुरतेच घेण्याचा आपला संस्कार येथेही उपयोगी पडतो.

खरेदीपूर्वी खाच आहे का, ते पाहावे. काही यंत्रांत मेमरी कायमची जोडलेली असते व ती वाढत नाही. सिनॉलॉजीच्या डीएस 220 प्लसमध्ये मुळातील 2 जीबीला एका खाचेतून 4 जीबीची जोड देता येते. लॅपटॉपच्या आकाराची डीडीआर 3 पट्टी 204 पिनांची, तर डीडीआर 4 ची 260 पिनांची असते. एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. उत्पादकाची यादी व हमीच्या अटी वाचाव्यात. यंत्र रीतसर बंद करून वायर काढावी, धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, पट्टी तिरपी सरकवून ‘टक्’ होईपर्यंत दाबावी. नंतर मेमरीची चाचणी अवश्य घ्यावी. सदोष पट्टी नकळत फाइली बिघडवू शकते.

आम्ही झाकण उघडण्याआधी सर्व प्रत करावयास घेतली, आणि धक्काच बसला. आईच्या वर्षीतपाच्या पारण्याची छायाचित्रे उघडेनात! ती केव्हा बिघडली, कोणास ठाऊक. यंत्रात दोन डिस्क होत्या, पण आरशाने डागाचेही प्रतिबिंबच दाखवावे, तसे दोन्हींत तेच. सुदैवाने तलासरीच्या बहिणीकडे जुन्या डिस्कवर मूळ संच निघाला. नवी मेमरी कितीही मोठी असती, तरी ते पारणे परत आले नसते.

तलासरी-डहाणू पट्ट्यास नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के जाणवत आले आहेत. समुद्राची दमट हवा व पावसाळ्यात जाणारी वीज आहेच. म्हणून यंत्राला यूपीएस जोडला, आणि तिसरी प्रत पुण्याला मुलीकडे ठेवली.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. जेसलमेर व पाटणच्या ज्ञानभांडारांतील ताडपत्रे पिढ्यान्‌पिढ्या प्रती करून व निगा राखून जपली गेली. मुनी पुण्यविजयजींनी जेसलमेरच्या पोथ्यांच्या मायक्रोफिल्म करविल्या, त्याही याच हेतूने. ज्ञानपंचमीला आपण पोथ्यांवरील धूळ झाडतो. त्या दिवशी यंत्रातील व प्रतींतील काही जुन्या फाइली उघडून पाहाव्यात. बँकेत शिल्लक पुस्तकात दिसते म्हणून थांबत नाहीत, रोख मोजतात. घरच्या ठेवीचेही तसेच आहे.