शेवट आधी, गोष्ट नंतर

पंचतंत्रातल्या प्राण्यांची गोष्ट सांगायची रीत मला फार आवडते. ‘मित्रभेदा’तला प्रसंग घ्या. यमुनेवर पाणी प्यायला निघालेला पिंगलक सिंह संजीवक बैलाचं डुरकणं ऐकून घाबरतो आणि मागे फिरतो. दमनक कोल्ह्याला लगेच त्यात नाक खुपसायचं असतं. दुसरा कोल्हा करटक त्याला श्लोकातून बजावतो की, नसत्या उठाठेवी करणारा पाचर उपटणाऱ्या माकडासारखा मरतो.

दमनक विचारतो, ते कसं? आणि मग गोष्ट सुरू होते: सुतार जेवायला गेलेले, अर्धा चिरलेला ओंडका, फटीत ठोकलेली पाचर, वर बसलेलं माकड.

म्हणजे शेवट आधीच फुटलेला! तरीही आपण कान देऊन ऐकतो, कारण ते नेमकं कसं घडलं हे कळायचं असतं. शिवाय पात्रंच एकमेकांना गोष्टी सांगतात, त्यामुळे गोष्टीच्या पोटात गोष्ट. आठव्या शतकातल्या अरबी अवताराला तर या दोन कोल्ह्यांचंच नाव मिळालं, ‘कलीला व दिम्ना’.

मुलांच्या पुष्कळ पुस्तकांत तो श्लोक गाळून शेवटी ‘तात्पर्य’ छापतात. मला हे पटत नाही. श्लोकाचा अर्थ आधी सांगा आणि थांबा. “ते कसं?” हे मुलांनाच विचारू द्या.