विश्लेषण : तुमच्या घराला लॅब्रॅडॉर झेपेल का?

पहिल्यांदाच कुत्रा पाळायचा ठरवणाऱ्या घरात सर्वात आधी निघणारे नाव बहुधा लॅब्रॅडॉरचे असते. प्रेमळ, शिकवायला सोपा, मुलांमध्ये रमणारा अशी त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. मात्र ती ऐकली की पुढचे प्रश्न विचारायचेच राहून जातात. मग वर्ष-दीड वर्षाने ‘लॅब, वय १४ महिने, चांगले घर हवे, कारण बदली’ असे संदेश व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतात. काही वेळा बदली खरीच झालेली असते. अनेकदा ३० किलोचा, घरभर उड्या मारणारा, सोफा कुरतडणारा कुत्रा घराला झेपेनासा झालेला असतो. त्यामुळे पिल्लू आणण्यापूर्वी काय तपासायला हवे, हे पाहू.

हा कुत्रा मुळात कशासाठी घडवला?

लॅब्रॅडॉर हा ‘गनडॉग’ गटातला, म्हणजे बंदुकीने पक्ष्यांची शिकार करताना सोबत नेला जाणारा कुत्रा. या गटात प्रत्येकाचे काम वेगळे. पॉइंटर पक्षी कुठे दडला आहे ते दाखवतो, स्पॅनियल झुडपातून पक्षी उठवतो आणि रिट्रीव्हर गोळी लागून पडलेला पक्षी शोधून, न चावता, तोंडात धरून मालकाच्या हातात आणून देतो. लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर आहे. नाव लॅब्रॅडॉरचे असले तरी त्याचे पूर्वज कॅनडाच्या न्यू फाउंडलंड बेटावरचे. तेथील कोळी या कुत्र्यांकडून गळातून सुटलेले मासे आणि दोर गार पाण्यातून ओढून आणत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमधील जमीनदारांनी त्यांना शिकारीसाठी घडवले. १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की फ्लॅटमध्ये त्याच्या ज्या सवयींचा त्रास होतो, त्या सगळ्या या कामातूनच आल्या आहेत. दिसेल ती चप्पल, मोजा, रिमोट तोंडात धरून फिरणे हे त्याचे कामच. दिवसभर न थकणे, पाणी दिसले की उडी मारणे, दाट दुहेरी केस आणि माणसाला सोडून राहणे सहन न होणे, हेही तसेच. शिकवायला सोपा असल्यानेच पोलीस आणि लष्कर त्याला निवडतात. मुंबईत १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटकांचे साठे हुडकणारा पोलिसांचा ‘झंजीर’ लॅब्रॅडॉरच होता. पण झंजीरला रोज काम होते आणि सोबत एक प्रशिक्षित माणूस होता. तुमच्या घरातल्या लॅबला सकाळी नऊ ते रात्री आठ काय काम आहे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा लागतो.

रोज किती वेळ द्यावा लागतो?

ब्रिटनचा केनेल क्लब पूर्ण वाढलेल्या लॅब्रॅडॉरसाठी दिवसाला दोन तासांहून अधिक व्यायाम सुचवतो. सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन शी-शू उरकून परत आणणे यात धरलेले नाही. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, त्यात थोडे धावणे, चेंडू आणून देणे, वास घेत हुंदडणे. शिवाय घरात दहा-पंधरा मिनिटांचे शिकवणे. डोके दमले की शरीरही लवकर शांत होते, हे लॅबच्या बाबतीत विशेष खरे आहे.

पिल्लाचे गणित वेगळे. दोन महिन्यांचे पिल्लू चार-पाच किलोचे असते, सहाव्या महिन्यात ते वीस किलोच्या आसपास जाते. या वाढीच्या काळात त्याला दमवून टाकणारे धावणे उलट सांध्यांना घातक. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात आणि टेबलाच्या पायांपासून चार्जरच्या वायरपर्यंत सगळे चावून पाहिले जाते. त्यानंतर साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत शरीर मोठ्या कुत्र्याचे आणि वागणे पोराचे असते. संदेशांतील ‘वय १४ महिने’ इथून येते. हा काळ पार पडला की मिळणारा कुत्रा ख्यातीप्रमाणे असतो. अनेक घरे नेमकी त्याच्या आधी हार मानतात.

एक तालीम सुचवावीशी वाटते. पिल्लू आणण्यापूर्वी तीन आठवडे, शक्यतो पावसाळ्यात, रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी एकदा घरातल्या ज्याने ‘मी फिरवीन’ म्हटले आहे, त्याने एक-एक तास खरेच बाहेर पडून यावे. कुत्र्याशिवाय. दहावीतल्या मुलाने जबाबदारी घेतली असेल तर ही तालीम जास्तच गरजेची. लॅब्रॅडॉर साधारण बारा वर्षे जगतो, मुलगा तीन वर्षांत शिक्षणासाठी बाहेर पडतो.

लॅब इतका खादाड का असतो?

मालक याला लाड म्हणतात, पण त्यामागे जनुकेही आहेत. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळले, की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकाचा एक भाग गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या साखळीत हे जनुक काम करते. दिव्यांगांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित लॅब्रॅडॉरमध्ये हे प्रमाण तीन चतुर्थांशांच्या आसपास निघाले. खाऊसाठी काहीही करायला तयार असणारा कुत्रा शिकवायला सोपा, म्हणून बहुधा तोच निवडला गेला असावा. याच गटाच्या २०२४ मधील अभ्यासानुसार असे कुत्रे जास्त भुकेले तर असतातच, शिवाय विश्रांतीच्या वेळी सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात. भूक जास्त आणि खर्च कमी, असा दुहेरी पेच.

आपल्याकडे त्यात भर पडते ती घरातल्या प्रत्येकाच्या स्वतंत्र प्रेमाची. आजी पोळीचा तुकडा देते, आजोबा चहासोबत बिस्किट, मुले चीज, वॉचमनकाकाही काहीतरी. चौघांचा हिशेब एकत्र कोणीच करत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर जन्मापासून अखेरपर्यंत झालेल्या एका अभ्यासात भावंडांच्या जोड्या केल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले गेले. कमी खाणारे कुत्रे सरासरी पावणेदोन वर्षांहून अधिक काळ जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. त्यामुळे कुत्र्याचे रोजचे खाणे वजन करून, एकाच व्यक्तीने द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहेत. कांदा घातलेली भाजी-आमटी आणि मनुके घातलेला शिरा त्याच्या भांड्यात जाऊ नये.

खर्चाचाही अंदाज इथेच घ्यावा. ३० किलोच्या लॅबला दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम कोरडे खाद्य लागते, म्हणजे महिन्याला दहा-बारा किलो. दुकानातल्या दराने गुणाकार करून पाहा. जंताचे औषध, गोचिडाची गोळी, शस्त्रक्रियेतली भूल हे सगळे वजनावर ठरते. पिल्लाची किंमत या सगळ्यात किरकोळ असते.

फ्लॅट लहान असेल तर चालतो का?

चौरस फुटांचा प्रश्न लोक पहिला विचारतात, खरे तर तो तिसरा-चौथा असायला हवा. भरपूर फिरून आलेला लॅब वन बीएचकेत सुखाने झोपतो आणि बंगल्याच्या आवारात दिवसभर एकटा बांधलेला लॅब खड्डे खणतो. जागेपेक्षा जिना आणि फरशी महत्त्वाची.

या जातीत खुबा आणि कोपराच्या सांध्यांची सदोष वाढ होण्याची प्रवृत्ती असते. ती बरीचशी आनुवंशिक, पण सगळी नाही. मोठ्या जातींच्या पिल्लांवर नॉर्वेत झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत रोज जिना वापरणाऱ्या पिल्लांना खुब्याच्या विकाराचा धोका जास्त आणि मऊ जमिनीवर मोकळे फिरणाऱ्यांना कमी दिसला. आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय सतत फाकतात. ते जिथे वावरते तिथे जाजम किंवा रबरी मॅट अंथरणे हा स्वस्त उपाय आहे.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर बारा वर्षे पुढचा विचार करा. म्हातारपणी सांधे धरलेल्या, ३० किलोच्या कुत्र्याला दिवसातून तीनदा खाली-वर कोण उचलून नेणार? आज पस्तिशीत असणारा मालक तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा असेल. या एका प्रश्नावर नकार येत असेल तर दुसरी जात पाहणे बरे.

आपले हवामान त्याला मानवते का?

मुंबई-पुण्यात हजारो लॅब राहतात, तेव्हा अजिबात मानवत नाही असे म्हणता येणार नाही. पण गार पाण्यासाठी आलेला दुहेरी केसांचा थर अकोला, नागपूर, जळगावच्या मे महिन्यात अंगावर असतो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला शरीर थंड करावे लागते. विदर्भ-खान्देशात उन्हाळ्यात फिरणे सकाळी सातच्या आत आणि रात्री उशिरा. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर तो पंजांनाही भाजतो. उन्हाळ्यात केस पूर्ण भादरून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नये. हे केस उन्हापासून संरक्षणही करतात, त्याऐवजी रोज विंचरावे. विंचरले तरी केस गळतातच. वर्षभर काळ्या पँटवर आणि क्वचित आमटीतही सापडतात. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर आधी ओळखीच्या लॅबच्या घरी दोन-चार वेळा काही तास घालवून पाहावेत.

पावसाळ्यात ओले राहिलेले अंग आणि लोंबते कान यांमुळे त्वचेचे व कानाचे संसर्ग होतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर इतर जातींत थांबून पाहिले जाते. लॅबने जेवण सोडले तर पशुवैद्याकडे निघावे.

लहान मुले, ज्येष्ठ नागरिक आणि दिवसभर बंद घर…

लॅब मुलांना मुद्दाम इजा करण्याची शक्यता कमी, पण आनंदाच्या भरात दोन वर्षांच्या बाळाला आडवे करण्याची शक्यता भरपूर. पहिले वर्षभर तरी दोघांना एकटे सोडू नये. ज्येष्ठांसाठी धोका पट्टा ओढण्याचा आहे. मांजर दिसताच ३० किलोचा कुत्रा झेपावला तर सत्तरीतले आजोबा पडतात आणि मनगट किंवा खुबा मोडतो. ‘मुले परदेशी, आई-बाबांना सोबत म्हणून’ लॅबचे पिल्लू भेट देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. पुण्यात अशी घरे कमी नाहीत. त्या आई-बाबांना सोबत हवीच असेल तर शांत स्वभावाचा, पाच-सहा वर्षांचा कुत्रा कितीतरी बरा.

दोघे नोकरीला आणि घर दहा तास बंद असेल तर लॅब घेऊ नये, असे स्पष्टच म्हणावेसे वाटते. माणसाच्या पायाशी राहून काम करण्यासाठीच तो घडला आहे. घरकामाच्या ताई तासभर येतात ती त्याला सोबत म्हणून पुरेशी नाही. डे-केअर किंवा दुपारी येणारा माणूस यांचा खर्च बारा वर्षे परवडणार असेल तर गोष्ट वेगळी.

सोसायटी मनाई करू शकते का?

नाही. केंद्रीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही किंवा लिफ्टचा वापर नाकारता येत नाही. सामाईक जागेत पट्टा बांधणे आणि घाण उचलणे ही मालकाची जबाबदारी. भाड्याच्या घरात मात्र करारात काय लिहिले आहे ते आधी पाहावे, घरमालकाशी वाद झाला तर कुत्र्याला घेऊन दुसरे घर शोधणे कठीण जाते. मुंबई, पुण्यात महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस घेतल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

पिल्लू घ्यायचेच ठरले तर?

पैदास व विक्रीविषयीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा. पिल्लाची आई पिल्लांसोबत बघायला मिळाली पाहिजे. ‘फोटो पाठवतो, पिल्लू घरपोच देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच सोडून द्यावे. आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का, हे विचारा. बहुतेक ठिकाणी नाही असेच उत्तर मिळेल, पण या प्रश्नाने चिडणारा विक्रेता कसा आहे ते कळते. चॉकलेटी रंगासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी एक आकडा माहीत असावा : ब्रिटनमधील लॅब्रॅडॉरच्या नोंदींवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चॉकलेटी रंगाच्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १०.७ वर्षे, तर इतर रंगांच्या कुत्र्यांचे १२.१ वर्षे निघाले.

आणि त्या ‘वय १४ महिने, चांगले घर हवे’ संदेशाकडे पुन्हा एकदा पाहावे. दोन तास देऊ शकणाऱ्या, दिवसभर कोणीतरी असणाऱ्या घरासाठी तो कुत्रा पिल्लापेक्षा सोयीचा ठरू शकतो. त्याचे दात बदलून झालेले असतात, आकार-स्वभाव समोर दिसतो, एक्स-रे काढून खुबे तपासता येतात. घेण्यापूर्वी आठवडाभर त्याला रोज जाऊन फिरवून आणावे. जुन्या मालकाकडून लसीकरणाचे पुस्तक मागून घ्यावे, आणि घर खरोखर का सोडावे लागते आहे, हेही त्यांना मोकळेपणाने विचारावे.