आगाऊ अर्जाचा हिशेब

अमेरिकेंतील अनेक नामांकित विद्यापीठांकडे प्रवेशाचा अर्ज बहुधा १ नोव्हेंबरपर्यंत आगाऊ करतां येतो. नेहमींची मुदत जानेवारीच्या सुमारास संपते. आगाऊ अर्जदारांची निवड अधिक प्रमाणांत होते, हें खरें. पण त्यांत संघासाठीं आधींच हेरलेले खेळाडू आणि कांहीं ठिकाणीं माजी विद्यार्थ्यांचीं मुलेंही असतात. त्यांचें यश सामान्य विद्यार्थ्यानें आपल्या हिशेबांत धरूं नये. शिवाय कित्येक विद्यापीठांत असा अर्ज म्हणजे वचनच: प्रवेश मिळतांच इतर अर्ज मागें घ्यावयाचे. मग कोणतें विद्यापीठ किती शिष्यवृत्ति देतें, हें ताडून पाहतां येत नाहीं. म्हणून ज्याची भिस्त शिष्यवृत्तीवर आहे, त्यानें बंधन नसलेला आगाऊ अर्ज शोधावा. तो नसेल तर जानेवारीपर्यंत थांबण्यांत कमीपणा नाहीं.