फिजिओथेरपीतली मदतनीस : पगार किती, पुढे काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की एसटी स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात आणि आता मोबाइलवरही जाहिराती दिसू लागतात. 'सहा महिन्यांत फिजिओथेरपी असिस्टंट व्हा, शंभर टक्के नोकरी.' मग गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते आणि कारण असतं मुलीचा कोर्स. गटाचे पैसे त्यात जाणार, म्हणून आज या कामाबद्दलच बोलू या.

आधी काम काय ते पाहू. पॅरालिसिस झालेला माणूस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी, हाड मोडून प्लास्टर निघालेला पोरगा, या सगळ्यांना पुन्हा हालतं-चालतं करणारे ते फिजिओथेरपिस्ट. आपल्याकडे लोक त्यांना 'व्यायामाचे डॉक्टर' म्हणतात. पेशंटला तपासणं, कोणता व्यायाम किती दिवस करायचा हे ठरवणं हे त्यांचं काम. मदतनीस पेशंटला पलंगावरून उठवते, शेक देते, ठरवून दिलेला व्यायाम मोजून करून घेते, वॉकर धरून चालवते, खोली आणि मशीन स्वच्छ ठेवते. काम अंगमेहनतीचं आहे. पेशंट उचलायची नीट पद्धत शिकवली नाही, तर मदतनिसाचीच कंबर धरते. पण या कामात बाईला मागणी असते, हेही खरं. पाठ-कंबर दाखवताना म्हाताऱ्या बाया बाईमाणूसच मागतात. पगाराचं बोलताना मुलीने हे लक्षात ठेवावं.

आता कायदा. २०२१ साली केंद्र सरकारने अशा आरोग्य व्यवसायांसाठी एक कायदा केला आणि राष्ट्रीय आयोग नेमायचं ठरवलं. त्या कायद्यात तंत्रज्ञ, सहायक अशा लोकांसाठी डिप्लोमा किंवा पदवीची अट आहे. शिक्षण किमान २००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांत विभागलेलं हवं. म्हणजे सहा महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट कितीही रंगीत असलं, तरी ते या मोजमापात बसत नाही. ते घेऊन काम मिळणारच नाही असं आम्ही म्हणत नाही. खासगी दवाखान्यात काम मिळतं. पण अशा कामाला पगाराची ठरलेली पायरी नसते. मालक देईल तो आकडा.

तो आकडा कसा तपासायचा ते सांगतो. समजा, महिना ९,००० रुपये सांगितले. ऐकायला बरे वाटतात. ड्युटी बारा तासांची आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर तासाला २९ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तीच ड्युटी आठ तासांची असेल तर तासाला ४३ रुपये होतात. त्यातून एसटीचं भाडं वजा करा. म्हणून पगार विचारताना तास विचारायचे, सुट्टी विचारायची आणि हातात किती येणार तेही विचारायचं. किमान वेतनाचा कायदा दवाखान्यालाही लागू आहे. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागतो. दहा किंवा जास्त असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागतो, त्यात घरच्यांच्या औषधपाण्याचीही सोय असते. पीएफ कापला म्हणून पोरी नाराज होतात. खरं तर कापला जात नसेल, तेव्हा चौकशी करावी.

जाहिरातीत अमेरिकेतले पगारही सांगतात. ते आकडे खोटे नाहीत. तिथल्या सरकारी आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटचा मधला पगार वर्षाला ६४,०८० डॉलर होता, म्हणजे तेव्हाच्या दराने पन्नास लाख रुपयांच्या वर. पण त्याच खोलीत काम करणारी, कोर्स न केलेली साधी मदतनीस ('एड' म्हणतात तिला) घेत होती ३३,५२० डॉलर. जवळजवळ निम्मे! फरक कशाचा? असिस्टंट तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजात दोन वर्षं शिकते, राष्ट्रीय परीक्षा देते आणि राज्याचं लायसन्स घेते. आपल्याकडचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही. आणि अनुभव वाढला म्हणून तिथेही कुणी असिस्टंटची थेरपिस्ट होत नाही. त्यासाठी वेगळं, लांबलचक शिक्षण घ्यावं लागतं.

आपल्याकडेही तसंच आहे. दहा वर्षं मदतनीस म्हणून काढली तरी स्वतःचा बोर्ड लावता येत नाही. मोडलेल्या हाडाला चुकीचा ताण दिला, तर पेशंट आयुष्याचा अधू होऊ शकतो. फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर साडेचार-पाच वर्षांची पदवी लागते. महाराष्ट्रात तिचा प्रवेश 'नीट' परीक्षेवरून होतो आणि बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हे विषय लागतात. म्हणजे खरा फाटा बारावीनंतर नाही, दहावीनंतरच फुटतो. तालुक्याला सायन्सचं कॉलेज लांब म्हणून मुलीला आर्ट्सला घातलं, की ही वाट तिथेच बंद होते. याची चर्चा घरात अकरावीच्या फॉर्मआधी व्हायला हवी.

पदवीची फी ऐकून घाबरू नका. २०२४-२५ पासून राज्य सरकारने वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी मिळत नाही. खोलीभाडं आणि जेवणाचा खर्च वेगळा धरा. गटाचं कर्ज काढायचंच असेल, तर ते यासाठी काढलेलं आम्हाला जास्त पटतं.

आणि लगेच कमवायची गरज असेल तर? तरीही पैसे भरायची घाई नको. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना गरीब ग्रामीण घरांतल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे, बायांना वयाची सवलत ४५ पर्यंत. शिकण्याची फी नसते. बचत गटातल्या घरांना तिचा लाभ घेता येतो. आरोग्य क्षेत्रात जनरल ड्युटी असिस्टंटसारखे कोर्स असतात, त्यात पेशंटला उठवणं-बसवणं शिकवतात. 'उमेद'च्या तालुका कार्यालयात चौकशी करा.

खासगी क्लासलाच जायचं ठरलं, तर मुलीबरोबर गटातली एक बाई जाऊ दे. सर्टिफिकेट कोणत्या मंडळाचं किंवा विद्यापीठाचं, ते लेखी मागा. शिकण्याचे तास किती, त्यातले दवाखान्यात किती आणि कोणत्या दवाखान्यात, ते विचारा आणि त्या दवाखान्यात जाऊन खात्री करा. गेल्या वर्षीच्या दोन मुलींशी फोनवर बोला. दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट क्लासकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. आणि पैसे भरले की शिक्का-सहीची पावती त्याच दिवशी घ्या.