खाते उघडले, पुढे काय? भारत व बांगलादेश : एक तुलना



वेळापूर परिसरात आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि पैसे हाती येतात १६ ते १८ महिन्यांनी. शिफारशीतील ४० टक्के नत्र लागणीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी द्यावयाचे असते. त्यावेळी पैसा नसला तर हप्ता लांबतो, फुटवे कमी राहतात. म्हणून वेळेवर पतपुरवठा ही खताइतकीच महत्त्वाची निविष्ठा होय.

दोन देश, दोन वाटा

१९५१-५२ च्या ग्रामीण पतपुरवठा पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, तर व्यापारी बँकांचा अवघा ०.९ टक्के आढळला. उरलेले बहुतेक कर्ज सावकार व व्यापाऱ्यांचे होते. त्यानंतर भारताने शाखांची वाट धरली : १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण, १९७५ मध्ये ग्रामीण बँका, १९८२ मध्ये नाबार्ड, १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आणि २०१४ मध्ये जनधन योजना.

बांगलादेशानेही १९७२ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. पण तेथील वेगळी वाट म्हणजे गट. १९७६ मध्ये जोब्रा गावात प्रा. मुहम्मद युनुस यांनी तारणाशिवाय लहान कर्जे देण्यास सुरुवात केली. त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. पाच जणींचा गट आणि साप्ताहिक हप्ता ही तिची पद्धत. २०११ पासून मोबाईलवरून पैसे पाठविण्याची सोयही वाढली.

आकडे काय सांगतात?

जागतिक बँकेच्या पाहणीनुसार खाते असलेल्या प्रौढांचे प्रमाण (टक्के, मोबाईल खाती धरून) :

२०११ : भारत ३५, बांगलादेश ३२
२०१४ : भारत ५३, बांगलादेश ३१
२०१७ : भारत ८०, बांगलादेश ५०
२०२१ : भारत ७८, बांगलादेश ५३

२०११ मध्ये दोघे जवळजवळ बरोबरीने होते. पुढे भारताने मोठी आघाडी घेतली. २०२१ मध्ये भारतात स्त्री-पुरुषांतील तफावत उरली नव्हती. महिलांच्या गटांसाठी प्रसिद्ध असलेल्या बांगलादेशात मात्र ती २० टक्क्यांची होती. पण दुसरी बाजूही पाहावी. त्याच वर्षी भारतातील सुमारे एकतृतीयांश खात्यांवर वर्षभरात एकही व्यवहार झाला नव्हता. म्हणजे खाते उघडणे ही केवळ पेरणी झाली. पीक वापरातूनच येते.

हिशेब करून पाहा

१ लाख रुपये शेकडा दरमहा ३ रुपयांनी घेतल्यास वर्षाचे व्याज ३६,००० रुपये होते. पीक कर्जाचे ७ टक्क्यांनी ७,००० रुपये होते आणि मुदतीत फेडल्यास केंद्राच्या ३ टक्के सवलतीमुळे ४,००० रुपयेच राहते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंत हा भारही उचलला आहे. मुदत एक दिवस जरी चुकली तरी सवलत हातची जाते.

काय करावे?

१) पीक कर्ज मुदतीत भरून लगेच नूतनीकरण करून घ्यावे.
२) ई-पीक पाहणी करून सात-बाऱ्यावर उभ्या पिकाची नोंद करावी.
३) खाते दोन वर्षे निष्क्रिय राहू देऊ नये; ऊस किंवा दुधाचे पैसे त्यातूनच घ्यावेत.
४) घरातील महिलांनी बचत गटात सामील व्हावे. नाबार्डने १९९२ पासून गट बँकांशी जोडले आहेत.

शेजाऱ्याकडून गटाची शिस्त घ्यावी, आपल्या शाखेचा लाभ घ्यावा. दोन्ही जमले तर लागणीच्या हंगामात सावकाराचा उंबरठा ओलांडावा लागणार नाही.