ताई की तायि?

तारवाला गल्लीत शिरला की बायका हातातलं काम टाकून उंबऱ्यात येत. आनंदाची बातमी पोस्टकार्डानं यायची. तार म्हणजे बहुधा वाईटच. १९७४ च्या पावसाळ्यात निपाणीच्या आमच्या घरी गोकाकहून तार आली. इंग्रजी अक्षरांत तीनच शब्द : 'टी-ए-आय सीरियस स्टार्ट'. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून पाठवणाऱ्याचं नावही नव्हतं.

बाबांनी वाचलं, 'ताई सीरियस'. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, गोकाकलाच दिलेली. आईचं स्थळ तिनंच सुचवलेलं; आईचं माहेरही तिथलंच. "तू पोरांजवळ थांब, मी बघून येतो," म्हणत बाबा बसनं गेले. बघतात तर आत्या सोप्यात ज्वारी निवडत बसलेली!

तार मामांनी केली होती. कन्नडमध्ये 'तायि' म्हणजे आई. मामा एरवी 'अव्वा'च म्हणत. पण सरकारी फॉर्मवर लिहायचं म्हणून त्यांनी पुस्तकी शब्द घातला. रात्रीची गाडी चुकली. सकाळी बाबा परतले आणि आईला घेऊन गेले, तोवर दुपार झाली. आज्जीचं बोलणं पहाटेच थांबलं होतं.

चूक तारमास्तरांची नव्हती. १८४४ साली अमेरिकेत मोर्सनं पहिली तार पाठवली आणि १८५५ पर्यंत ती आपल्याकडे सर्वांसाठी खुली झाली. पण ठोक्यांना भाषा कळत नाही. 'टी' म्हणजे एक लांब ठोका, 'ए' म्हणजे आखूड-लांब, 'आय' म्हणजे दोन आखूड. पाच ठोक्यांत मराठीची ताई झाली. मध्ये 'वाय' असता, लांब-आखूड-लांब-लांब, तर आणखी चार ठोक्यांत कन्नडची तायि झाली असती. पैसेही तेवढेच पडले असते.

१४ जुलै २०१३ ला देशातल्या तारघरांनी शेवटच्या तारा घेतल्या. आता आपण मोबाइलवर मराठी-कन्नड दोन्ही इंग्रजी अक्षरांतच लिहितो. म्हणून सांगणं एवढंच, की आजारपणाचा निरोप असेल तर नुसतं नातं लिहू नका, माणसाचं नावही लिहा.

आईनं बाबांना किंवा मामांना कधी बोल लावला नाही. ती तार मात्र तिनं ट्रंकेत, आज्जीच्या इरकली लुगड्याच्या घडीत जपून ठेवली.